नातीच्या कपाटातले प्रेम

आजची मुले काय वाचतात यावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा पहिल्यांदा वाटले, मुले काही वाचतच नाहीत असे म्हणावे आणि दोन मिनिटांत मोकळे व्हावे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला हे वाक्य तोंडपाठ असते. पण माझी नात अकोल्याला अकरावीत आहे आणि तिच्या कपाटात एकाच आकाराची, काळ्यापांढऱ्या चित्रांची पुस्तके ओळीने उभी आहेत. म्हणजे ती वाचते, आणि पुष्कळ वाचते. या पुस्तकांना ‘मांगा’ म्हणतात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्यांत नातीला आवडतात त्या प्रेमकथा. गेल्या वर्षभरात मी त्यांतले तीस-चाळीस भाग वाचले, इंग्रजी भाषांतरातून. त्यांतले काय आवडले आणि कशाचा संताप आला, ते आडपडदा न ठेवता सांगते.

पहिला भाग वाचला तो बडनेरा ते अकोला या गाडीत. समोरच्या बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “ताई, पुस्तक उलटं धरलं तुम्ही.” त्यांचे चुकले नव्हते. जपानी पुस्तक आपल्या शेवटच्या पानापासून सुरू होते आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. भाषांतरातही ते तसेच ठेवतात. आधी उत्तर आणि मग प्रश्न, असे संवाद वाचून माझे डोके फिरले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत सवय झाली.

जपानमध्ये मुलींसाठी निराळी चित्रकथा असते आणि मुलांसाठी निराळी. ती आधी मासिका-साप्ताहिकांतून क्रमशः येते, मग तिचे भाग निघतात. ‘करमणूक’मधून हरिभाऊंच्या कादंबऱ्या यायच्या, तसेच. ओसामू तेझुका यांची तलवार चालवणाऱ्या राजकन्येची कथा १९५३ सालची. मुलींच्या चित्रकथांना वळण देणाऱ्यांत ती मोजतात. सुरुवातीला मुलींसाठी लिहिणारे बहुतेक पुरुषच होते. सत्तरच्या दशकात तरुण बायकांनी हे क्षेत्र ताब्यात घेतले. रियोको इकेदा यांनी १९७२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर ‘व्हर्सायचा गुलाब’ सुरू केली, तेव्हा त्या पंचविशीतल्या होत्या. बायकांनी बायकांसाठी लिहिलेले आणि स्वतःच चित्रित केलेले एवढे मोठे साहित्य दुसऱ्या कुठल्या देशात असेल, असे मला वाटत नाही.

चित्रांची भाषा मात्र शिकावी लागते. डोळे बशीएवढे का, असे मी पहिल्याच दिवशी विचारले. नात म्हणाली, “आजी, बोलणं तोंडाकडे असतं, बाकी सगळं डोळ्यांत असतं.” मनातली खळबळ दाखवायची असली की चौकटीच्या रेघा नाहीशा होतात आणि मागे फुले उमलतात. कधी पूर्ण पानावर फक्त एक हात आणि पुष्कळशी कोरी जागा. आपल्या जुन्या कादंबरीत नायिकेच्या मनाची घालमेल सांगायला लेखकाला दीड पान लागायचे. इथे एका कोऱ्या चौकटीत काम होते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा जास्त चांगले होते.

मला सर्वांत आवडलेली कथा म्हणजे रुमिको ताकाहाशी यांची ‘मेझाँ इक्कोकू’. १९८० ते १९८७ या काळात ती आली. पंधरा भाग. तिची चित्रकर्ती बाई असली तरी ती छापून आली मोठ्या पुरुषांच्या नियतकालिकात. एक जुनाट भाड्याच्या खोल्यांची इमारत. वऱ्हाडी वाचकाने वाडा समजावे. तिथे क्योको नावाची तरुण व्यवस्थापिका येते. ती विधवा आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला. त्याचेच नाव तिने कुत्र्याला ठेवले आहे, आणि दिवसातून दहा वेळा ती ते नाव घेते. पाच नंबरच्या खोलीत गोदाई नावाचा मुलगा राहतो, प्रवेश परीक्षेत नापास होणारा, खिशात पैसा नसणारा. तो तिच्या प्रेमात पडतो. शेजारी दारू पितात, भिंतीला भोक पाडून डोकावतात, सगळा गोंधळ घालतात. आणि त्या गोंधळाखाली एकच प्रश्न सात वर्षे चालू राहतो: गेलेल्या माणसाला विसरल्याशिवाय दुसऱ्यावर प्रेम करता येते का?

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. आपली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची, विधवांच्याच हालांवर आहे. हरिभाऊंची यमूही त्याच वाटेने गेली. पण आपल्याकडे विधवेचे लग्न हा सुधारणेचा विषय झाला, वादाचा झाला, अश्रूंचा झाला. क्योको मात्र अंगण झाडते, हेव्याने फुगते, रागावून कुत्र्याला फिरवायला नेते. तिला कोणी अडवत नाही. तिचा सासराच तिला नवे आयुष्य बघ म्हणतो, आईबाप तर मागेच लागलेले. अडवणारी तीच. माझी एक मावशी बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि ऐंशी वर्षे जगली. तिला काय वाटत असेल, असे आम्ही कोणी कधी विचारले नाही. हे पुस्तक वाचताना ती मला वारंवार आठवली.

शेवटाकडे गोदाई त्या नवऱ्याच्या थडग्यापाशी जातो आणि त्यालाच सांगतो, की तुम्ही हिच्या मनात आहात, तुमच्यासकट मी हिला माझी म्हणतो. शेवट सांगितला म्हणून नात रागावेल. पण एवढे समजूतदार प्रेम मी मराठी कादंबरीत क्वचितच वाचले आहे. मधले तीन-चार भाग पाणी घालून वाढवलेले आहेत, हेही सांगते. एक गैरसमज मिटला की दुसरा तयार. साप्ताहिक चालवायचे म्हटले की हे व्हायचेच. आपल्या टीव्ही मालिका आणखी काय करतात?

कारुहो शीइना यांची ‘किमी नि तोदोके’ तीस भागांची. शाळेतली एक अबोल मुलगी, तिला सगळे भुताच्या नावाने चिडवतात. एक मुलगा तिच्याशी नीट बोलतो, एवढ्यावर कथा सुरू होते. त्यातली मैत्रिणींची मैत्री प्रेमाहून सरस उतरली आहे. अलीकडची ‘अ साइन ऑफ अफेक्शन’ २०१९ पासून येते आहे. तिची नायिका जन्मतः बहिरी कॉलेजकन्या. बोटांच्या खुणा काढायला घेतलेली मेहनत पाहून मी थक्क झाले. नायक मात्र इतका देखणा, इतक्या भाषा येणारा, इतका निर्दोष, की मला फडक्यांचे नायक आठवले. आणि आइ याझावा यांची ‘नाना’, एकाच नावाच्या दोन मुलींची, २००० साली सुरू झालेली. २००९ मध्ये लेखिकेच्या आजारपणामुळे ती एकविसाव्या भागावर थांबली ती थांबलीच. ती मोठ्यांची कथा आहे. अकरावीतल्या मुलीने ती वाचावी की नाही, यावर माझे आणि माझ्या मुलीचे भांडण अजून मिटलेले नाही.

आता संतापाकडे येते. योको कामिओ यांची ‘हाना योरी दांगो’ १९९२ मध्ये सुरू झाली आणि आशियाभर गाजली. तिच्यावरची कोरियन मालिका आपल्याकडच्या मुलींनीही पाहिली आहे. नाव मोठे गमतीचे आहे. फुलांपेक्षा लाडू बरे, अशी जपानी म्हण आहे, आपल्या ‘आधी पोटोबा’च्या जातीची. त्यातल्या लाडवाच्या जागी ‘मुलगे’ हा शब्द लिहून लेखिकेने श्लेष केला आहे. श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी गरीब घरची त्सुकुशी फार झुंजार मुलगी आहे, ती मला मनापासून आवडली. पण नायक कोण? ज्याच्या एका लाल चिठ्ठीवर सगळी शाळा एखाद्याचा छळ मांडते, तो. तिच्याही अंगावर तो आधी माणसे घालतो. नंतर त्याचे प्रेम बसते, आणि आधीचे सगळे माफ. का, तर बिचाऱ्याला लहानपणी माया मिळाली नाही.

हे एकाच पुस्तकातले नाही. मुलीचे मनगट धरून ओढत नेणे, नको म्हटल्यावर पुन्हा पुन्हा येणे, तिला भिंतीशी गाठून डोक्याशेजारी धाडकन हात टेकणे, हे सगळे प्रेमाची खूण म्हणून येते. या शेवटच्या प्रकाराला जपानीत ‘काबेदोन’ असा खास शब्द आहे आणि २०१४ मध्ये तो तिकडे सगळ्यांच्या तोंडी झाला होता. शिक्षक आणि विद्यार्थिनीचे प्रेमही पुष्कळ कथांत रंगवलेले असते. मी शिक्षिका होते. मला ते पान उलटवत नाही.

तुम्ही म्हणाल, कथाच ती. तिकडे असेल ते कथा. आमच्या भागात ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की पुढची ओळ वाचायच्या आधी छातीत धस्स होते. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर एका माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवले. आठवडाभराने ती गेली. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘अजून थोडे थांब’ असा असतो, असे शिकवणारी कथा कितीही सुंदर चित्रांची असो, मला ती गोड लागत नाही.

या दिवाळीआधी नात एकदा फोनवर घुटमळत बोलली. शिकवणीच्या कोपऱ्यावर एक मुलगा महिनाभर रोज उभा असतो, बोलत नाही, फक्त घरापर्यंत मागे येतो. मैत्रिणी म्हणतात, अगदी मांगातल्यासारखे. मी विचारले, “आणि तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “पुस्तकात असता तर मी पान उलटून पुढे काय होतं ते पाहिलं असतं. हा खरा आहे, म्हणून भीती वाटते.” त्याच संध्याकाळी तिच्या आईला सांगितले. जावई दोन दिवस कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, मुलाच्या घरी बोलणे झाले, आणि ते तिथेच थांबले. पण मुलीने सांगितले कुणाला? जिच्याशी ती त्या नायकाच्या मनगट धरण्यावरून तासभर वाद घालत असे, तिला. मी पुस्तके कपाटात कोंडून ठेवा म्हणाले असते, तर तो फोन मला आला असता का, हा विचार मी अजून करते आहे.

कारण कोंडून ठेवण्याचे प्रयोग आमच्यावरही झाले. मी कॉलेजात असताना अमरावतीत महिन्याची वर्गणी भरून कादंबऱ्या घरी आणता येत. चंद्रकांत काकोडकर आम्ही वह्यांत लपवून वाचले. आई विचारायची, “काहून वं, त्या पुस्तकात असं काय भरून ठेवलं हाये?” काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा सिनेमा निघाला, तो आईने मैत्रिणींबरोबर पाहिला आणि रडली, पुस्तक मात्र वाईट. त्यांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. लैंगिक उल्लेख आला की पुस्तक किशोरांना वर्ज्य ठरवायचे, तर त्यांना केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, अशा आशयाचे न्यायालयाने म्हटले. वाङ्मय म्हणून ‘श्यामा’ सामान्यच आहे. पण तो निकाल मी मुलीला वाचून दाखवला, ‘नाना’च्या भांडणात.

नातीशी माझा एक करार आहे. तिचे दहा भाग मी वाचले की माझे एक पुस्तक तिने वाचायचे. पहिले दिले ते उद्धव शेळक्यांचे ‘धग’. १९६० ची ही कादंबरी अमरावती जिल्ह्यातल्या एका शिंपी कुटुंबाची, आणि तिची भाषा आपली वऱ्हाडी. शेळक्यांनी पुढे पोटासाठी रंजक प्रेमकादंबऱ्या ढिगाने लिहिल्या. त्यांतल्या बऱ्याच मी वाचल्या आणि विसरले. ‘धग’मधली कौतिक मात्र विसरत नाही. नातीला वाचायला दीड महिना लागला. वऱ्हाडी शब्दांसाठी ती अडायची, आणि अकोल्याच्याच आपल्या दुसऱ्या आजीकडे पुस्तक घेऊन जायची. संपल्यावर म्हणाली, “यात प्रेम कुठे आहे?” मी काहीच बोलले नाही. आठवडाभराने तिचा पुन्हा फोन आला: “कौतिक त्या महादेवाला सोडून का गेली नाही गं?” आता क्योको आणि कौतिक या दोघींवर आमचे बोलणे चालू आहे, आणि तिने माझ्यासाठी आणखी दहा भाग काढून ठेवले आहेत.