मालाबरोबर माहितीही

कारखान्यांत तयार झालेलें रासायनिक द्रव्य वापरणाराच्या हातीं पडेपर्यंत किती हात बदलतें, याची गणना सहसा कोणी करीत नाहीं. उत्पादक, ठोक व्यापारी, आगगाडी, गोदी, जहाज, पुन्हां व्यापारी आणि शेवटीं किरकोळ दुकान अशी ही लांबलचक सांखळी असते. माल तींतून बहुधा सुखरूप जातो. परंतु त्या मालाचा स्वभाव काय, तो कशानें पेटतो, कशानें शमतो, अंगावर उडाल्यास काय करावें, ही माहिती मात्र वाटेंत कोठें तरी गळून पडते. ती गळली म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील टेक्सास सिटी या बंदरानें १९४७ सालीं पाहिलें.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां युरोपांत अन्नाची टंचाई होती व शेतीला खत हवें होतें. इकडे अमेरिकेंत दारूगोळ्याचे कारखाने मोकळे पडले होते. त्यांपैकीं कांहींत अमोनियम नायट्रेट हें द्रव्य खत म्हणून तयार होऊं लागलें. हेंच द्रव्य युद्धकाळांत स्फोटकांचा एक घटक होतें. दमट हवेंत त्याचे दाणे एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून त्यांवर मेण, राळ इत्यादिकांचा पातळ लेप देत. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही सोयच होती. पण जळणारा पदार्थ आणि जळण्यास प्राणवायु पुरविणारा पदार्थ यांची गांठ त्या लेपानें दाण्यादाण्यावर घालून दिली. असा माल कागदी पिशव्यांत भरून आगगाडीनें बंदरावर येई. पिशवीवर खत हा शब्द असे, द्रव्याचें नांवही असे; हें फुटूं शकतें अशी सूचना नसे. नांव खोटें नव्हतें. परंतु खत म्हटल्यावर गोदींतल्या हमालास शेत आठवतें, बाँब आठवत नाहीं.

१६ एप्रिल १९४७ रोजीं सकाळीं आठच्या सुमारास ‘ग्राँकाँ’ नांवाच्या फ्रेंच जहाजांतून धूर येऊं लागला. जहाजाच्या पोटांत हें द्रव्य सुमारें २,३०० टन होतें. पाणी मारलें तर माल खराब होईल म्हणून तें टाळण्यांत आलें. झांकणें घट्ट बसवून आंत वाफ सोडली गेली. कापूस किंवा लांकूड पेटलें असतां ही युक्ति शहाणपणाची असते, कारण हवा तुटली म्हणजे आग गुदमरते. अमोनियम नायट्रेटला बाहेरच्या हवेची गरज नसते. तापलें म्हणजे तें स्वतःच प्राणवायु सोडतें, आणि उष्णता व कोंडमारा हींच त्याच्या स्फोटाचीं कारणें. ज्या उपायानें आग विझावयाची, त्यानेंच ती पोसली गेली. धुराचा नारिंगी रंग पाहण्यास धक्क्याजवळ गर्दी जमली. ९ वाजून १२ मिनिटांनीं जहाज फुटलें. या अनर्थांत किमान ५८१ माणसें मृत्युमुखीं पडलीं; गांवच्या अग्निशामक दलांतील २८ पैकीं २७ जण त्यांत होते.

हें ज्ञान तोंपर्यंत जगांत नव्हतें असें नाहीं. १९२१ सालीं जर्मनींत ओपाऊ येथील कारखान्यांत याच द्रव्याचें मिश्रण फुटून पांचशेंहून अधिक माणसें मेलीं होतीं. रसायनशास्त्रज्ञांस तें ठाऊक होतें. पिशव्या रचणारास नव्हतें. पुढें नुकसानभरपाईचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९५३ सालीं फेटाळला गेला. जी भरपाई मिळाली ती १९५५ सालच्या खास कायद्यानें.

मुंबईस हा प्रकार परका नव्हे. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलें, तेव्हां त्यांत कापसाच्या गांठी आणि सुमारें १,४०० टन स्फोटक माल एकत्र होता. स्फोटकांची खूण म्हणून लावावयाचें तांबडें निशाण त्यावर नव्हतें. ६६ अग्निशामकांनीं त्या दिवशीं प्राण गमावले. टेक्सासांत माहिती नांवाआड लपली. मुंबईंत ती जहाजाच्या कागदांतच राहिली.

यावर काढलेला आजचा उपाय दिसावयास साधा आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २००३ सालीं जगभर एकच अशी चिन्हपद्धति प्रसिद्ध केली. तांबड्या कडेच्या, कोनावर उभ्या चौकोनांत वर्तुळ व त्यावर ज्वाला काढली असली, म्हणजे आंतील द्रव्य आगीस प्राणवायु पुरवितें असें समजावयाचें. वाचतां न येणाऱ्या हमालासही हें समजावून देतां येतें. चिन्हाच्या जोडीला सोळा विभागांचें माहितीपत्रक असतें. त्यांत चौथा विभाग प्रथमोपचाराचा, पांचवा आगीचा, सातवा हाताळणी व साठवणीचा. भारतांत भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८९ सालीं झालेल्या नियमांत अशा पत्रकाची तरतूद आहे. युरोपांत २००७ पासून अमलांत असलेला कायदा आणखी पुढें जातो: माहिती केवळ खालीं उतरून भागत नाहीं, ती वरही चढली पाहिजे. द्रव्याचा नवा धोका ध्यानांत आला किंवा पत्रकांतील उपाय अपुरे दिसले, तर घेणारानें देणारास कळवावयाचें. मालाचा खरा स्वभाव पुष्कळदां वापरणारालाच आधीं कळतो, हें ओळखून केलेला हा नियम आहे.

तरीही सांखळी तुटते ती बहुधा मधल्या कडीशीं. मोठ्या पिंपांतील माल लहान डब्यांत भरला जातो; पिंपावरची चिठ्ठी पिंपावरच राहते, आणि पत्रक व्यापाऱ्याच्या पेढींत फायलींत पडतें. शिवाय कागद असला म्हणजे काम झालें, हाही एक भ्रमच. बैरूत बंदरांत ४ ऑगस्ट २०२० रोजीं सुमारें २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलें. तें २०१३ सालीं तेथें आलें होतें व त्याविषयीं अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहारही झाला होता. पण त्या सायंकाळीं आग विझविण्यास धाडलेल्या दहा जणांच्या पथकास कोठारांत काय आहे हें कोणी सांगितलें नाहीं. ते दहाही जण परत आले नाहींत.

घर ही या सांखळीची शेवटची कडी होय. तेथें बाटलीबरोबर सोळा विभागांचें पत्रक येत नाहीं. चिठ्ठीवर चारदोन ओळींचें सार तेवढें असतें. सरबताच्या रिकाम्या बाटलींत ॲसिड किंवा रॉकेल ओतून ठेवलें, म्हणजे तेंही नाहींसें होतें. चुकून घोट घेतलेल्या मुलास घेऊन आईबाप रुग्णालयांत धांवतात, तेव्हां डॉक्टरांचा पहिला प्रश्न बाटलींत काय होतें हाच असतो. त्याचें उत्तर मूळ बाटलीवर छापलेलें असतें, आणि ती बाटली तर केव्हांच बाटलीवाल्यास विकलेली असते.