रोड वायडनिंग होणार म्हणे! दुकान-घर रस्त्यावर असेल तर आधी हे बघा

टेप घेऊन दोन माणसं येतात, तुमच्या शटरजवळ लाल रंगाची खूण करतात आणि काही न सांगता पुढे निघून जातात. संध्याकाळपर्यंत पूर्ण गल्लीत एकच चर्चा: "रस्ता रुंद होऊन राहिला, सगळ्यांचं पंधरा फूट जाणार!" कोणी नगरसेवकाकडे धावतं, कोणी दुकान विकायला काढतं. आणि खरी तारीख, खरा नकाशा, खरी रुंदी कोणीच बघितलेली नसते.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी... गाव कुठलंही असो, ही गोष्ट आज नाही तर उद्या तुमच्या दारात येऊ शकते. त्यामुळे शांत डोक्याने समजून घेऊ.

पहिली गोष्ट: रस्त्याला एक नाही, तीन रुंदी असतात. आज डोळ्याला दिसते ती एक. सिटी सर्व्हेच्या नकाशात नोंदलेली दुसरी. आणि विकास आराखड्यात, म्हणजे ज्याला आपण डीपी म्हणतो त्यात, पुढे करायची म्हणून दाखवलेली तिसरी. भांडण जवळपास नेहमी या तिघांच्या गोंधळातून होतं. समजा नोंदीत रस्ता 12 मीटर आहे आणि चालायला 8 मीटरच उरलाय. मग मधले 4 मीटर कोणाकडे आहेत? आपले ओटे, पायऱ्या, टिनाचे शेड, जनरेटर आणि विजेचे खांब यांच्याकडे. ते काढताना जमिनीचा मोबदला मिळत नाही, कारण ती जमीन तुमची नव्हतीच. कडू आहे पण खरं आहे. माझ्या स्वतःच्या दुकानापुढच्या तीन पायऱ्या माझ्या नाहीत, हे मला मोजणी झाल्यावर कळलं. त्याआधी सात वर्षं मी त्या "माझ्या" म्हणून धूत होतो.

म्हणून पहिलं काम: भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका काढा, शक्य असेल तर मोजणीचा अर्ज द्या. नगर परिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. त्यावर तुमच्या सर्व्हे नंबरवरून रेघ जाते की नाही, हे स्पष्ट दिसतं. देत नसतील तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आपल्या विदर्भात एक जास्तीची भानगड आहे, नझूल. जुन्या वस्तीतले कितीतरी प्लॉट सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. आजोबांनी पट्टा घेतला, वडिलांनी घर बांधलं, आणि नूतनीकरण कोणीच केलं नाही. रस्त्याला जागा जाते तेव्हा हाच कागद आधी मागतात. पट्टा संपलेला असेल तर मोबदल्याच्या बोलण्यात तुमची बाजू लंगडी पडते. शासनाने 2024 मध्ये नागपूर आणि अमरावती विभागातल्या निवासी नझूल जमिनींसाठी अभय योजनाही आणली होती. तुमचा कागद कुठे अडलाय ते रुंदीकरणाची वाट न बघता तपासून ठेवा.

आता प्रक्रिया. नगर परिषदेने सभेत ठराव केला म्हणजे तुमची जागा गेली, असं होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये याचा रस्ता ठरलेला आहे. नवीन विकास आराखड्याचा मसुदा कलम 26 खाली प्रसिद्ध होतो आणि हरकतीला 30 दिवस मिळतात. कलम 28 खाली नियोजन समिती सुनावणी घेते. मंजूर आराखड्यात फेरबदल करून रस्ता रुंद करायचा असेल तर कलम 37 ची नोटीस निघते, तिथेही एक महिना. अंतिम मंजुरी शासनाची.

हे 30 दिवस म्हणजे तुमची खरी वेळ. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, तीही अशा पानावर जिथे आपण कधी बघत नाही. गल्लीतल्या एका माणसाकडे हे काम द्या, महिन्याला चहा पाजा.

हरकत लिहिताना "आमच्यावर अन्याय होत आहे" एवढंच लिहू नका. सुनावणीतला अधिकारी त्यावर काय करणार? त्यापेक्षा असं विचारा: वाहनांची मोजणी केली का, कधी केली? नोंदीतली रुंदी आधी मोकळी केली तर भागतं का? दोन्ही बाजूंनी सारखं घेताय की एकाच बाजूने, आणि का? नाली, केबल, पाण्याची लाईन कुठून जाणार? एकाच मजकुराच्या शंभर सह्यांपेक्षा प्रत्येकाच्या आखीव पत्रिकेसह वीस वेगळे अर्ज जास्त वजनदार. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

रुंदीकरण नेहमी ट्रॅफिकसाठीच असतं असंही समजू नका. 2020 मध्ये पुणे महापालिकेत 6 मीटरचे 323 रस्ते 9 मीटर करायचा प्रस्ताव आला होता. त्यामागे एक मोठं कारण होतं टीडीआर: 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो वापरून जास्तीचं बांधकाम करता येत नाही. म्हणजे रस्ता रुंद झाला की दोन मजली घरांच्या जागी उंच इमारती येऊ शकतात. ते चांगलं की वाईट, हे तुम्ही प्लॉटमालक आहात की शेजारी, यावर ठरतं. पण वस्तीतल्या लोकांना हे उद्देश म्हणून उघड सांगायला हवं, असं माझं मत आहे.

आता हिशोब, कारण आपण धंदेवाले. समजा तुमचा प्लॉट 20 फूट रुंद, 60 फूट खोल, म्हणजे 1200 चौरस फूट. रस्ता 9 चा 12 मीटर होणार, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर, म्हणजे साधारण 5 फूट. गेले 100 चौरस फूट, प्लॉटच्या जवळपास 8 टक्के. कागदावर किरकोळ वाटतं. पण समोरचं दुकान 15 फूट खोल असेल तर त्याचा एक तृतीयांश गेला! शटर, मीटर, बोर्ड, जिना सगळं त्याच पाच फुटांत. शिवाय पुढे पाडून बांधायला गेलात तर सोडायचं अंतर नव्या रेषेपासून मोजतात.

मोबदल्याचे मार्ग कलम 126 मध्ये तीन आहेत: बोलणी करून रोख, टीडीआर किंवा एफएसआय, नाहीतर भूसंपादन. 2013 च्या भूसंपादन कायद्याने किमतीवर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. वरच्या उदाहरणात दर 2000 रुपये धरला तर जमिनीचे 2 लाख, दिलासा 2 लाख, आणि बांधकामाचं मूल्यांकन वेगळं. रोख द्यायला पैसे कमी असले की कार्यालयं टीडीआर पुढे करतात. त्याचं प्रमाणपत्र विकायला बिल्डर लागतो. पुण्यात तो मिळेल, आपल्या छोट्या गावात कोण घेणार? सही करण्याआधी हा एक प्रश्न नक्की विचारा. हो, उरलेल्या प्लॉटवर तुम्हालाच वर मजला चढवायचा असेल तर एफएसआय कामाचा.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे रेघ आखून वर्षानुवर्षं लटकवणं. नागपूरच्या सुधारित विकास आराखड्याला 2000 च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली, आणि जुना भंडारा रोडचं रुंदीकरण वीस वर्षांनंतरही भूसंपादनात अडकलेलं होतं. अशा पट्ट्यात ना कोणी दुरुस्ती करतं, ना बँक सहज कर्ज देते, ना मुलगा धंद्यात पैसा घालतो. यासाठी कलम 127 लक्षात ठेवा: आराखडा अंमलात येऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ही नोटीस मात्र वकिलाकडूनच करून घ्या, मालकीच्या कागदांसकट.

झाडांचं सुद्धा बघा. वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात 2020 मध्ये काय झालं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. जुनी झाडं पडायला लागली, लोक रस्त्यावर उतरले, काम थांबलं. पण तोपर्यंत कितीतरी झाडं गेली होती. शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष जतन कायद्याखाली परवानगी लागते आणि त्यावरही हरकत घेता येते. धंद्याच्या भाषेत सांगतो: मे महिन्यातल्या वर्ध्यात गिऱ्हाईक सावलीतल्या दुकानासमोरच गाडी लावतं.

मी रुंदीकरणाच्या विरोधात नाही. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडकलेली मी बघितली आहे. पण रस्ता रुंद झाला की गिऱ्हाईकी आपोआप वाढते, हे ऐकून हुरळू नका. मधे डिव्हायडर आला तर समोरचं गिऱ्हाईक समोरच राहतं. काम चालू असताना तीन-चार महिने धूळ आणि खड्डे. ते दिवाळीत येणार असेल तर माल कमी भरा, उधारी आधी वसूल करा, होम डिलिव्हरी आतापासूनच सुरू करा. वेळापत्रक नगर परिषदेकडे लेखी मागा.

आणि भाड्याच्या दुकानात बसलेल्या भावांनो-ताईंनो, मोबदल्याची बोलणी मालकाशी होतात, तुम्हाला बऱ्याचदा शेवटी कळतं. जागा कमी झाली तर भाडं किती कमी, डिपॉझिटचं काय, तुम्ही केलेल्या फर्निचरचे पैसे कोणाचे, हे आजच मालकाशी बसून करारनाम्यात घ्या. हरकतीचा अर्ज भाडेकरूही देऊ शकतो. सोबत भाडेकरार, गुमास्ता आणि वीजबिल जोडा, आणि सुनावणीच्या दिवशी दुकान दोन तास बंद ठेवून स्वतः जा.