फेस किती, फसगत किती

रविवारी सकाळी शित्झूला बाथरूममध्ये उभं केलं जातं आणि नेमकं तेव्हाच लक्षात येतं, की त्याचा शाम्पू संपलाय. कपाटात घरातल्या बाळाचा शाम्पू असतो. ‘बाळाला चालतो, मग याला का नाही?’ म्हणत बाटली उघडली जाते. लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांच्या अंघोळीतले बरेच घोटाळे इथूनच सुरू होतात.

गैरसमज : बाळाचा शाम्पू सर्वांत सौम्य, म्हणजे कुत्र्यालाही उत्तम.

वस्तुस्थिती : माणसाची त्वचा आम्लधर्मी, तिचा पीएच साधारण ५ ते ५.५. कुत्र्याचा त्याहून जास्त, ७ च्या बराच जवळ. शिवाय कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे जेमतेम ३ ते ५ थर असतात, माणसाच्या १० ते १५. एकदा बाळाचा शाम्पू लागला म्हणून आभाळ कोसळत नाही. तो नेहमीचाच झाला, तर त्वचा कोरडी पडून कोंडा आणि खाज सुरू होऊ शकते.

गैरसमज : फेस जितका जास्त, तितकी सफाई चांगली.

वस्तुस्थिती : शाम्पूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटने फेस भरपूर होतो, पण मळाबरोबर त्वचेचं नैसर्गिक तेलही निघून जातं. सौम्य शाम्पूचा फेस बेताचाच असतो. असा शाम्पू मगभर कोमट पाण्यात कालवून लावला, की दाट केसांत सगळीकडे पोचतो आणि धुताना लवकर निघतो. शेवटी पोटाखालचे केस मुठीत धरून पिळावेत. हाताला बुळबुळीत लागलं, तर आणखी दोन मग पाणी!

गैरसमज : नैसर्गिक म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती : टी ट्री तेल वनस्पतीचंच, तरी कुत्र्यांना ते विषारी ठरतं. अंगावरून चाटलं गेलं, तर लाळ गळणं, थरथर, तोल जाणं अशी लक्षणं दिसू शकतात. रिठा डोळ्यांत गेला की किती झोंबतो, हे घरोघरी ठाऊक आहे. शित्झूचे डोळे तर मोठे आणि बाहेर आलेले. त्यांना इजा पटकन होते. म्हणून बाटलीवर ‘टिअरलेस’ लिहिलेलं असलं, तरी तोंड ओल्या फडक्यानेच पुसावं.

गैरसमज : ‘हायपोअलर्जेनिक’ लिहिलंय, म्हणजे ॲलर्जी होणारच नाही.

वस्तुस्थिती : अशी हमी हा शब्द देत नाही. माणसांच्या प्रसाधनांसाठीसुद्धा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची ठरावीक व्याख्या नाही. त्यापेक्षा बाटलीची मागची बाजू वाचावी. घटकांची यादी छोटी आणि सुगंध नसलेला शाम्पू नाजूक त्वचेसाठी बरा.

गैरसमज : केसांतला गुंता शाम्पूने सुटतो.

वस्तुस्थिती : उलट, पाणी लागलं की गुंता आवळतो. कानामागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली आधी फणी फिरवावी, मगच नळ सोडावा.

त्वचा निरोगी असेल, तर तीन-चार आठवड्यांतून एक अंघोळ बहुतेक शित्झूंना पुरते. पण खाज थांबत नसेल, लाल चट्टे किंवा आंबूस वास येत असेल, तर दुकानात नवनवे शाम्पू शोधत बसू नये, पशुवैद्याला दाखवावं. त्यांनी क्लोरहेक्सिडीनसारखा औषधी शाम्पू लिहून दिला, तर तो लावल्या लावल्या धुऊन टाकू नका. साधारण १० मिनिटं अंगावर राहू द्या, तरच औषध काम करतं.