दिवाळं निघालं तरी काय वाचतं?

‘दिवाळखोरी जाहीर केली की राहत्या घराला कुणी हात लावू शकत नाही.’ अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये हे ठासून सांगणारे खूप भेटतात. हा समज बहुधा अमेरिकेतून आलेला असावा. तिथे दिवाळखोराला काय राखता येईल, हे बऱ्याच अंशी राज्यांचे कायदे ठरवतात, आणि टेक्सासच्या कायद्यात राहत्या घराच्या किमतीला मर्यादाच नाही.

मुंबईत माणसाच्या नादारीला अजून इंग्रजांचा १९०९चा कायदा लागतो. मुलुंड चेक नाका ओलांडून ठाण्यात शिरलात की १९२०चा. ठाण्यात दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जे जप्त होत नाही, ते नादाराकडेच राहतं. मुलुंडकराला १९०९च्या कायद्याने काय ठेवलं? कामाची हत्यारं, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, फर्निचर, सगळं मिळून ३०० रुपयांचं! आज त्यात धड कुकरही येत नाही. स्वतःच्या मालकीचा फ्लॅट हायकोर्टाच्या ऑफिशियल असायनीकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. आणि तो बँकेकडे गहाण असेल, तर नादारीच्या अर्जाने बँकेचा हक्क अडत नाही.

‘पण दिवाळखोरीचा २०१६चा नवा कायदा आहे ना?’ आहे. त्यातला व्यक्तींविषयीचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. क्रेडिट कार्डात बुडालेल्या नोकरदाराला त्याचा उपयोग नाही. जामीनदारांना तो धंद्याची साधनं, एक लाखापर्यंतचे धार्मिक रूढीने अंगावरून न उतरवता येणारे दागिने आणि शहरात २० लाखांपर्यंतचं एक बिनगहाण घर राखू देतो. २० लाखांत घाटकोपरला घर दाखवणारा एजंट कुणाला भेटला तर जरूर कळवावं.

खरं तर नादारीपर्यंत फार थोडे पोचतात. बाकीच्यांच्या दारात येतो तो कोर्टाचा हुकूमनामा घेऊन बेलीफ. त्या वेळी कामाला येतं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. कारागिराची हत्यारं, घरातले आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम यांना जप्ती लागत नाही. पगार सगळा कापला जातो हाही गैरसमजच. पोटगीचा हुकूमनामा नसेल तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. जप्तीसाठी धरायचा पगार ३१,००० असेल तर २१,००० हातात राहतात, १०,००० कापले जाऊ शकतात. एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा.

याच कलमात मुंबईकराच्या फारशी लक्षात न आलेली एक ओळ आहे: भाडे नियंत्रण कायद्याखालच्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क जप्त करता येत नाही. म्हणजे घाटकोपरच्या जुन्या चाळीतली पागडीची खोली अशा जप्तीतून सुटते आणि शेजारच्या टॉवरमधला मालकीचा फ्लॅट सापडतो. चाळीचा पुनर्विकास होऊन भाडेकरू मालक झाला की हे कवच गळून पडतं. पुनर्विकासाच्या सभांत कार्पेट एरियावर तासन्‌तास वाद होतात. या मुद्द्यावर कुणी तोंड उघडत नाही.

गृहकर्जाचं गणित वेगळं. तिथे घरच तारण असतं. खातं बुडीत ठरल्यावर २००२च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते, आणि रक्कम भरली नाही तर दिवाणी दावा न लावताही ताब्याची कारवाई सुरू करू शकते.

‘मग बायकोच्या नावावर करून टाकू!’ मुंबईत नादारीच्या आधी दोन वर्षांत केलेलं बक्षीसपत्र रद्द ठरू शकतं, आणि धनकोंना चकवण्यासाठीचं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालीही टिकत नाही. वसुली एजंटाला तर टीव्ही-फ्रिज उचलून न्यायचा अधिकारच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचा फोनसुद्धा सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करायचा नाही.

तुरुंगाची भीतीही बरीचशी फुकाची. नुसत्या गरिबीमुळे पैसे देता न येणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटक होतच नाही. न वटलेल्या चेकचं मात्र तसं नाही. तो फौजदारी मामला आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा, आणि तिथे स्त्री-पुरुष असा फरक नाही.