५ नोव्हेंबरच्या चौकटीत कोण कोण राहतं?

शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली रोज दिनविशेष लिहितात. ५ नोव्हेंबरला सांगलीच्या विश्रामबागेतल्या पोरांना तो कुठे शोधावा लागत नाही. त्या दिवशी मराठी रंगभूमी दिन, आणि तो ज्या नाटकामुळे साजरा होतो, ते झालं त्यांच्याच गावात.

त्याचं असं झालं. कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ करत सांगलीत आली. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांना ते खेळ पाहून वाटलं, असं काही आपल्या मराठीत का नसावं? काम सोपवलं विष्णुदास भाव्यांवर. ५ नोव्हेंबर १८४३, रविवार. ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. सूत्रधार पदं म्हणायचा, गणपती यायचा, मोरावरची सरस्वती नाचायची, विदूषक हसवायचा, राक्षस आरोळ्या ठोकत घुसायचे. गद्य भाषणं बरीचशी नटांनीच आयत्या वेळी रचायची. सीताही पुरुषच. सांगलीला ‘नाट्यपंढरी’ म्हणतात ते याचमुळे. आजही याच तारखेला सांगलीत विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं.

आता कॅलेंडरावरच्या त्याच चौकटीतले बाकीचे बिऱ्हाडकरू पाहा.

लंडनमध्ये १६०५ च्या ५ नोव्हेंबरला गाय फॉक्स नावाचा माणूस पार्लमेंटच्या तळघरात दारूगोळ्याच्या ३६ पिंपांसह सापडला. राजासकट सगळी सभा उडवायचा बेत होता. तो फसला, म्हणून इंग्रज अजून त्या रात्री शेकोट्या पेटवतात, आतषबाजी करतात, फॉक्सचा पुतळाही जाळतात. जपानमध्ये १८५४ साली भूकंपानंतर समुद्र खवळला, तेव्हा हामागुची गोर्यो या गृहस्थाने भाताच्या गंज्या पेटवल्या. अंधारात वाट चुकलेली माणसं त्या उजेडाच्या रोखाने टेकाडावर पोचली आणि वाचली. त्या आठवणीने संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. अमेरिकेत तर या दिवशी डोनट खातात. त्यांचा मूळ डोनट दिवस जूनच्या पहिल्या शुक्रवारी असतो, पण गोडधोडाला एका दिवसाने कुणाचं समाधान होतं?

आणि आपलं मंगळयान! २०१३ साली ते याच तारखेला श्रीहरिकोट्याहून सुटलं. खरं तर उड्डाण २८ ऑक्टोबरला व्हायचं होतं. यानाचा माग घेणारं एक जहाज प्रशांत महासागरातल्या वाईट हवामानामुळे वेळेवर ठिकाणावर पोचलं नाही, म्हणून मुहूर्त पुढे गेला. दूरच्या समुद्रात वारा जरा बेताने वाहता, तर फॉक्स आणि सीतेच्या शेजारी मंगळयान आलंच नसतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. या मंडळींची तारीख एक असली, तरी पंचांगं निरनिराळी आहेत. फॉक्स पकडला गेला तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन कालगणना चालायची. आजच्या हिशोबाने तो दिवस १५ नोव्हेंबर. नवी कालगणना तिथे आली १७५२ साली. जपानची ती तारीख तर चांद्र महिन्याची, अकराव्या महिन्याची पंचमी. आपल्या कॅलेंडरावर तो दिवस २४ डिसेंबर १८५४ येतो. या तीन जुन्या घटनांमध्ये आजच्या मोजणीने खरोखर ५ नोव्हेंबरलाच घडलेलं एकच, आपलं ‘सीतास्वयंवर’.

मात्र १८४३ च्या सांगलीत सण, व्रतं, मुहूर्त सगळं तिथीवर चालायचं. गणित मांडलं तर त्या रविवारी कार्तिक शुद्ध पक्ष सरत आला होता, दिवाळी उरकली होती आणि त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर होती. आपण तारीख धरून ठेवली आणि चंद्र मोकळा सोडला. म्हणून रंगभूमी दिन २०२१ मध्ये दिवाळीच्या पाडव्याला आला, तर २०२५ मध्ये थेट त्रिपुरी पौर्णिमेला.

सूर्याचं वर्ष आणि चंद्राचे महिने यांचा मेळ सहजासहजी बसत नाही. बारा चांद्र महिने सौर वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. पण १९ वर्षांत २३५ चांद्र महिने जवळजवळ नेमके बसतात, फरक उरतो अवघ्या दोनेक तासांचा. त्यामुळे दर १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळपास जुळतात. तुमच्या एकोणिसाव्या वाढदिवसाचं पंचांग उघडून पाहा, बहुधा जन्मतिथीच सापडेल, फार तर एक दिवस मागेपुढे.

हाच हिशोब सांगलीला लावा. १८४३ मध्ये १९ वर्षं दहा वेळा मिळवली की येतं २०३३. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला पुन्हा कार्तिक शुद्ध पक्षाचे शेवटचे दिवस असतील आणि पौर्णिमा तोंडावर असेल. नाट्यपंढरीने आतापासूनच तालमींना लागावं. तारीख आणि चंद्र दोघांनाही एकाच प्रयोगाला बोलावता येईल.