कोंबडी मेली, पण कशाने?

वाढवणपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात सध्या चार माणसे जमली की पोल्ट्रीचा विषय निघतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदराबद्दल इथल्या मच्छीमार बांधवांचे म्हणणे वेगळे आहे, त्या वादात हे पान पडत नाही. परंतु उद्या कामगार येतील, खानावळी निघतील, चिकन-अंड्यांचा खप वाढेल, असा हिशेब मांडून आपल्यातील काही तरुण शेड टाकण्याच्या विचारात आहेत. मी कापडाचा व्यापारी. कोंबड्यांच्या धंद्यात माझे पैसे एकदाच गेले, तेही मेव्हण्याला उसने दिलेले. त्यानंतर पशुवैद्यांकडे बसून आणि मिळेल ते वाचून जे समजून घेतले, ते इथे मांडत आहे.

मेव्हण्याची शेड तलासरीच्या बाजूला होती, पाचशे पक्ष्यांची. थंडीचे दिवस होते. पिल्ले आणून चोविसावा दिवस, सकाळी सात पक्षी मरून पडलेले. दुसऱ्या दिवशी तीस. औषधाच्या दुकानदाराने न विचारताच अँटिबायोटिकची पावडर दिली. मी चौकशी केली तर मेव्हणा म्हणाला, "दुल्हाभाई, मानमोडी आहे. दोन-तीन दिवसांत उतरेल." उतरली नाही. घाबरून त्याने उरलेले पक्षी निम्म्या भावात एका टेम्पोवाल्याला दिले. त्याच टेम्पोचे क्रेट पुढे दुसऱ्या शेडवर गेले आणि आठवड्याच्या आत तिथेही मर सुरू झाली. या सगळ्यात एकही मेलेला पक्षी कोणी तपासायला नेला नाही. ती मानमोडी होती की आणखी काही, हे आजपर्यंत कोणालाच माहीत नाही. माझी खरी तक्रार पैशांची नाही, याची आहे.

ज्याला आपण मानमोडी म्हणतो त्याचे पुस्तकी नाव राणीखेत. हा विषाणूचा रोग आहे. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला, आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत येथे आपल्या देशात त्याची नोंद झाली. म्हणून जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात आणि आपल्याकडे राणीखेत. पक्षी चोच उघडून श्वास घेतो, हिरवट पांढरी हगवण लागते, मान वाकडी होते, पंख आणि पाय लुळे पडतात, अंडी पातळ कवचाची येतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. पावडर देऊन जे पक्षी वाचलेले दिसतात ते बहुधा पावडरीशिवायही वाचले असते.

आता अडचण अशी की हीच लक्षणे थोड्याफार फरकाने बर्ड फ्लूचीही आहेत. नुसते बघून अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाही, प्रयोगशाळेतच कळते. महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात कोंबड्या मरू लागल्या. नवापूर म्हणजे अंड्यांच्या पोल्ट्रीचे मोठे केंद्र. सुरुवातीला सर्वांनी राणीखेतच म्हटले. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा एच-५-एन-१ बर्ड फ्लू आहे, भारतातील पहिलाच. मग लाखो पक्षी मारून पुरावे लागले. शेजारच्या गुजरातच्या उच्छल भागातही तेच झाले. रेल्वेच्या जेवणातून चिकन काढले गेले, आणि ज्यांचा नवापूरशी काडीचा संबंध नव्हता अशा दूरच्या दुकानदारांचाही माल पडून राहिला. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. त्याच फेब्रुवारीत आपल्या पालघरच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रातील कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि पालघरमधील चिकनची दुकाने व पोल्ट्री २१ दिवस बंद ठेवण्याचा हुकूम झाला. एकवीस दिवस दुकान बंद म्हणजे काय, हे भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्यालाच विचारावे.

लोक रोग लपवतात ते सरकार कोंबड्या मारील या भीतीने. पण हिशेब उलटा आहे. बर्ड फ्लूमध्ये सरकार जे पक्षी मारते त्यांची भरपाई मिळते. जे आधीच रोगाने मेले त्यांची मिळत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात हा दर आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसाच्या कोंबडीला ७० रुपये आणि लहान पिल्लाला २० रुपये असा होता. बाजारभावापेक्षा कमी आहे, कबूल. परंतु जो मालक चार दिवस गप्प बसला त्याचे त्या चार दिवसांत मेलेले पक्षी शून्य भावाने गेले. शिवाय २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्याने असा रोग कळवणे मालकावर बंधनकारक आहे. कंपनीशी करार करून पक्षी वाढवणाऱ्यांनी एक गोष्ट सही करण्यापूर्वी वाचून घ्यावी: साथीत पक्षी गेले तर भरपाई पिल्लांच्या मालकाला, म्हणजे कंपनीला, की शेडवाल्याला? कागदावर नसेल तर लिहून घ्यावे.

राणीखेतवर औषध नसले तरी लस आहे, स्वस्त आहे आणि चांगली आहे. पुण्याला औंध येथे राज्य सरकारची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था ती तयार करते. साधारण रीत अशी: पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आणि अंड्यांसाठी ठेवलेल्या पक्ष्यांना आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही जोरकस लस टोचून. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नये, उलट तीच आजारी पडतात. मधल्या काळात गंबोरोची लस असते, देवीचीही असते. त्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्यावे.

लस दिली तरी कोंबड्या मेल्या, असे पुष्कळ जण सांगतात. यातील बहुतेक वेळा दोष लसीच्या वाहतुकीचा असतो. लस २ ते ८ अंश थंडीत राहिली पाहिजे. डहाणूच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत तासभर फिरलेली कुपी म्हणजे नुसते पाणी. बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी, पहाटे किंवा संध्याकाळी द्यावी, मिसळल्यावर दोन तासांत संपवावी. पाण्यातून द्यायची असल्यास नळाचे क्लोरीनचे पाणी वापरू नये, विहिरीचे वापरावे आणि त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर घालावी. रोग शिरल्यानंतर दिलेली लस आजारी पक्ष्याला वाचवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पाड्यांवरच्या गावठी कोंबड्यांचा प्रश्न वेगळा आहे. घरात दहा कोंबड्या आणि कुपी निदान शंभर मात्रांची, म्हणून कोणी आणत नाही. मग दोन-तीन वर्षांनी एकदा मानमोडी येते आणि अख्खा पाडा रिकामा होतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकी हीच अडचण ओळखून उष्णता सहन करणारी लस शोधली. मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातीलच बायका घरोघरी जाऊन डोळ्यात थेंब टाकतात. आपल्याकडे तोपर्यंत दहा घरांनी मिळून एक कुपी आणणे अवघड नाही. बाजाराच्या दिवशी गावठी कोंबडी घेणारे आपलेच व्यापारी आहेत. पाडा रिकामा झाला तर त्यांचाही माल गेला.

आता दुकानदारांकडे वळतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली बर्ड फ्लूने १८ माणसे आजारी पडली आणि ६ दगावली. तेथील संशोधकांनी जिवंत कोंबड्यांचे बाजार तपासले तेव्हा कळले की विषाणू शेडपेक्षा दुकानात जास्त टिकतो, कारण दुकान कधी रिकामे होतच नाही. काल उरलेल्या पक्ष्यांत आजचे पक्षी येतात आणि रोग हातोहात पुढे जातो. २००१ पासून तेथे महिन्यातून एक दिवस सर्व दुकाने रिकामी करून धुण्याचा नियम झाला, आणि २००८ मध्ये रात्री जिवंत पक्षी दुकानात ठेवायलाच मनाई झाली. तपासणीत सापडणारे विषाणू यामुळे खूप कमी झाले. मनाई नसली तरी आपण आठवड्यातून एक दिवस, समजा जुम्म्याच्या आदल्या रात्री, पिंजरे रिकामे करून धुण्याच्या सोड्याने घासून उन्हात टाकले तर खर्च पाणी आणि मेहनतीपलीकडे काही नाही. शेडवर परत जाणाऱ्या क्रेटचे तर नक्की करावे. मेव्हण्याचा रोग क्रेटनेच पुढे गेला.

मेलेली कोंबडी मुरदार, ती विकण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न अर्धमेल्या कोंबडीचा आहे, जी जिब्ह करता येते आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. आमच्या धंद्यात तागाच्या आतल्या घडीत डाग असेल तर तो वर काढून दाखवावा लागतो. धान्याच्या ढिगात आतून ओलावा लपवणाऱ्या व्यापाऱ्याला रसूलल्लाहंनी टोकले होते, हे आपण मदरशात शिकलो आहोत. आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नयेत ही शिकवणही हदीसमध्ये आहे, आणि ती शेड, टेम्पो व दुकान या तिघांनाही लागू पडते. नीट शिजवलेल्या चिकनमधून बर्ड फ्लू होत नाही, ७० अंशांवर विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्या, कापणाऱ्या आणि पिसे काढणाऱ्या माणसाला. भारतात माणसाचा एच-५-एन-१ ने पहिला मृत्यू जुलै २०२१ मध्ये नोंदला गेला, हरियाणाचा एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये वारला.

काही दुकानांत कोंबड्यांच्या पिंजऱ्यावरच बजरिगर, कबुतरे, लव्हबर्ड यांचे पिंजरे टांगलेले असतात. शोभा येते, मुले थांबतात, जोडधंदा होतो. हा प्रकार मात्र तातडीने बंद करावा. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७१ साली राणीखेतचा जबर प्रकार शिरला. तो आणला दक्षिण अमेरिकेतून विक्रीसाठी आलेल्या पोपटांनी. रोग आटोक्यात येईपर्यंत दोन-तीन वर्षे गेली, सुमारे १ कोटी २० लाख पक्षी मारावे लागले आणि सरकारचे ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले. पोपट त्या विषाणूने लवकर मरत नाही. वरून ठणठणीत दिसतो आणि कित्येक महिने विष्ठेतून विषाणू टाकत राहतो.

पोपटाचा स्वतःचा असा एक रोग माणसालाही होतो. १९२९-३० मध्ये अर्जेंटिनाच्या पोपटांमुळे अमेरिका आणि युरोपमध्ये न्यूमोनियासारखा ताप पसरला. त्याला सिटाकोसिस, साध्या भाषेत पोपटताप म्हणतात. कार्ल मायर या संशोधकाने पुढे दाखवले की कॅलिफोर्नियात घरोघरी पैदास केलेल्या बजरिगरमध्येही हे जंतू होते, म्हणजे केवळ परदेशी मालाला दोष देऊन भागणार नव्हते. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाते, म्हणून पिंजरा कोरडा झाडू नये, ओला करून पुसावा. हे जंतू विषाणू नसल्याने इथे डॉक्सिसायक्लिनसारखे औषध चालते, पण पक्ष्याला ते साधारण ४५ दिवस द्यावे लागते; आठवड्यात बरा दिसला म्हणून थांबवले तर रोग आत राहतो. पक्षी पाळणाऱ्याला न हटणारा ताप-खोकला आला तर डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे आपणहून सांगावे, ते विचारतीलच असे नाही.

हिरव्या पोपटाबद्दल एक सूचना. लहानपणी आमच्या घरी मिठू होता, मिरची आणि शेंगदाण्यांवर वाढलेला, पिसे नेहमी विस्कटलेली. आता कळते की नुसत्या दाण्यांनी पोपटाला अ-जीवनसत्त्व मिळत नाही आणि यकृतावर चरबी चढते. पण मुख्य गोष्ट अशी की आपला देशी पोपट, कंठीवाला असो वा साधा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. तो पकडणे, विकणे, घरी पाळणे गुन्हा आहे. बजरिगर, कॉकटेल यांचा व्यापार चालतो. मकाव, आफ्रिकन ग्रे अशा जाती ठेवणाऱ्यांना वनखात्याकडे नोंदणी करावी लागते.

शेडच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याची एक खास बाब आहे. वाढवण, वरोर, चिंचणीच्या खडकाळ किनाऱ्यावर आणि खाड्यांत हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात, आणि बर्ड फ्लूचा मूळ वाहक जंगली पाणपक्षीच. मेव्हण्याची शेड थंडीत गेली तशी बऱ्याच साथी थंडीतच येतात. शेडला बारीक जाळी, दाराशी चुना, आतल्या चपला वेगळ्या, आणि मेलेला पक्षी खाडीत न फेकता चुना घालून खड्ड्यात. नोव्हेंबर ते मार्च एवढे कसोशीने पाळावे.

आणि तपासणी. एखाददुसरा पक्षी मेला तर तो न कापता दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवावा, गोठवू नये, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. एकदम पुष्कळ मेले तर पक्षी स्वतः कुठेही नेऊ नयेत. पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे, ते येऊन नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात आणि बर्ड फ्लूचा संशय असल्यास तेथून पुढे भोपाळला. पिंजऱ्यातील पोपट-बजरिगरसाठी परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचे, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय. डहाणू रोडहून सकाळच्या लोकलने निघून दादरला उतरावे. पिंजऱ्यावर ओलसर कापड असावे आणि पिंजऱ्याच्या तळाचा त्या दिवसाचा कागद विष्ठेसह सोबत न्यावा, डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.