साबुदाण्याचा लेप आणि खुनाचा तपास

1975 साली ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’ ही कादंबरी आली, तेव्हा तिच्यावरचे एलिझाबेथ पीटर्स हे नाव टोपणनाव होते. लेखिका होत्या बार्बरा मर्ट्झ. 1952 मध्ये शिकागो विद्यापीठाची इजिप्तविद्येतली डॉक्टरेट मिळवूनही त्यांना विद्यापीठीय नोकरी लाभली नव्हती. वडिलांच्या वारशाने श्रीमंत झालेली 32 वर्षांची अविवाहित अमेलिया पीबडी इजिप्तला जाते, रॅडक्लिफ इमर्सन या तापट उत्खननकाराशी आधी भांडते आणि मग लग्न करते, इथून सुरू झालेली रहस्यकथांची मालिका 20 कादंबऱ्यांपर्यंत गेली. मर्ट्झ 2013 मध्ये वारल्या. अपुरी राहिलेली ‘द पेंटेड क्वीन’ जोन हेस यांनी पूर्ण केली आणि ती 2017 मध्ये निघाली. या 42 वर्षांतून वाचकांच्या लक्षात राहते ती हातात छत्री घेतलेली फटकळ नायिका. मालिकेचे बळ मात्र तिच्या स्वभावापेक्षा तिच्या पेशात अधिक आहे. पुरातत्त्व इथे गोष्टीचा देखावा नसून तपासाची रीत आहे.

पहिल्या कादंबरीतले अमार्ना हे इजिप्तमधले उत्खननस्थळ याची साक्ष देते. तिथे 1891-92 च्या हंगामात खरोखरीचे उत्खननकार फ्लिंडर्स पेट्री यांना राजवाड्यातली चित्रे रंगवलेली जमीन सापडली. रंग टिकावेत म्हणून त्यांनी टॅपिओकाचा, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच जातीचा, पातळ लेप हाताने दिला. मर्ट्झ यांनी ही जमीन आणि हा लेप काही वर्षे मागे नेऊन इमर्सनच्या हवाली केला. वस्तू नुसती उचलून न्यायची नाही, ती कुठे सापडली ते आधी नोंदवायचे, हा पेट्रींच्या पिढीचा धडा होता. जागा सोडलेले खापर निम्मे मुके होते. प्रेताजवळून हलवलेल्या सुऱ्याचेही तेच. 1884 पासून तुतनखामेनची कबर सापडली त्या 1922 पर्यंत, हा मालिकेचा काळ म्हणजे खजिन्याच्या शोधाकडून नोंदींकडे वळणारे उत्खनन. म्हणूनच पुराणवस्तूंचे चोर इथे खलनायक म्हणून शोभतात. ते सोन्याबरोबर पुरावाही पळवतात.

अमेलिया पीबडी तिच्या काळात न बसणारी, विसाव्या शतकातली स्त्रीवादी आहे, हा नेहमीचा आक्षेप. तो टिकत नाही. प्रत्यक्षातल्या अमेलिया एडवर्ड्स 1873-74 मध्ये नाईलवर फिरल्या, 1882 मध्ये इजिप्त एक्सप्लोरेशन फंड उभारण्यात पुढे होत्या आणि त्यांच्याच मृत्युपत्रातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येचे अध्यासन झाले. त्यावर पहिले बसले ते पेट्री. अशी बाई असणे अशक्य नव्हते. दर हंगामाला तिच्या वाटेत एक प्रेत येणे, एवढेच अशक्य.

साम्राज्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. इजिप्शियन लोक इथे बहुधा मजूर, मुकादम किंवा संशयित असतात. मुकादम अब्दुल्ला अमेलियाला पुरता ओळखून असतो, त्याचा नातू डेव्हिड इमर्सनच्या पुतणीशी लग्न करतो. तरी लेखणी अखेरपर्यंत इंग्रजांच्याच हातात राहते. हे मान्य करावेच लागते. पण मर्ट्झ यांनी या कथा अमेलियाच्या हस्तलिखित रोजनिशा म्हणून, एका काल्पनिक संपादकाच्या हातून पुढे ठेवल्या आहेत. म्हणजे रोजनिशी हीसुद्धा उत्खननात निघालेली वस्तूच. अमेलियाची ठाम मते अनेकदा तिच्याच पानांवर खोटी ठरतात. कोणतीही साक्ष ती ज्या थरात सापडली त्या थरासकट वाचावी, हे अमेलिया आयुष्यभर शिकवते, आणि या कसोटीतून तिचीही सुटका नाही.